नव्या समुपदेशकाची घडण

पनवेलमध्ये समुपदेशनाचे काम सुरू करणाऱ्या नवोदिताच्या हाती मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी असली, तरी त्याची खरी घडण पर्यवेक्षणात, म्हणजे हाताळलेली प्रकरणे सल्लार्थीची ओळख उघड न करता ज्येष्ठांपुढे मांडून त्यांची चिकित्सा करून घेण्यात, होत असते. या शिकण्याला महाराष्ट्रात परंपरा आहे: अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी भावनिक त्रासाचे मूळ घटनेपेक्षा घटनेविषयीच्या अविवेकी समजुतींत शोधते, ती कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली; डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या 'आय.पी.एच.' या मानसिक आरोग्यविषयक संस्थेच्या कामातही ती रुजली. पनवेलहून ठाणे थेट लोकलने गाठता येते, ही नवोदितांच्या दृष्टीने लहान सोय नव्हे.

आरंभीचे मानधन बहुधा बेताचेच असते. अबोल विद्यार्थी काही भेटींनंतर स्वतःहून बोलू लागतो, तेव्हा मिळणारे समाधान हा मोबदल्याचा दुसरा भाग होय. मात्र त्याचीच चटक लागली, तर समुपदेशक नकळत सल्लार्थीला स्वतःवर अवलंबून ठेवू लागतो, आणि हे बहुतेकदा त्याच्याआधी पर्यवेक्षकाच्या ध्यानात येते.