संगणकीय देखरेख आज्ञावली आणि वापरकर्त्यांची सुविधा-मागणी : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयातील संगणक आता केवळ प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. प्रवेश, शुल्क, वेतन, ग्रंथालयातील देवघेव आणि विद्यापीठाशी होणारा पत्रव्यवहार ही सर्व कामे संगणकांच्या जाळ्यावर अवलंबून आहेत. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाची असेल, तर त्या अर्ध्या तासात जोडणी खंडित होणे म्हणजे वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांचा खोळंबा होय. अशा प्रसंगी ‘नेट गेले’ एवढे सर्वांनाच कळते. परंतु नेमके काय गेले, कोठे गेले आणि केव्हापासून गेले हे सांगता येत नाही. सर्व्हर, राउटर, स्विच, यूपीएस आणि बाहेर जाणारी जोडणी यांची ठराविक अंतराने विचारपूस करून बिघाडाची वर्दी देणारी जी आज्ञावली असते, तिला देखरेख आज्ञावली म्हणता येईल. एमआरटीजी, नागिओस, झॅबिक्स, इसिंगा ही या प्रकारातील परिचित नावे असून ती मुक्त स्रोत परंपरेत वाढलेली आहेत.

या आज्ञावल्या वापरणाऱ्यांकडून निर्मात्यांकडे सतत मागण्या जात असतात : अमुक सोय हवी, तमुक इशारा नको. ही मागणी म्हणजे निव्वळ तक्रार नव्हे. यंत्रणा ज्या परिस्थितीत चालते त्या परिस्थितीचे ज्ञान तिच्यात साठवलेले असते आणि ते निर्मात्याजवळ असण्याचा संभव कमी असतो. प्रस्तुत लेखात अशा मागण्यांचे स्वरूप, त्यांचा निर्णय होण्याची रीत आणि त्या मांडण्याची पद्धत यांचा विचार केला आहे. उदाहरणासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तळेरे हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे.

अडचणीतून सुविधा

देखरेख आज्ञावलीचा इतिहास पाहिला तर तो अडचणींचा इतिहास आहे असे दिसते. १९९४ मध्ये टोबियास ओटिकर ज्या ठिकाणी काम करीत होते तेथे बाह्य जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच वाहिनी होती. ती किती भरलेली आहे हे प्रत्येकाला जाणून घ्यावयाचे होते. त्या कुतूहलातून १९९५ मध्ये एमआरटीजी ही आज्ञावली बाहेर आली. ती दर पाच मिनिटांनी राउटरमधील मोजकाचा अंक वाचते, मागील अंकाशी त्याची वजाबाकी करते आणि आलेख काढते. झॅबिक्सचे निर्माते अलेक्सेई व्लादिशेव यांनीही १९९८ मध्ये स्वतःच्या नोकरीतील गरजेपोटीच काम आरंभिले. ती आज्ञावली २००१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

साध्या वजाबाकीवर उभी असलेली ही रीत पुढे कशी अपुरी पडली, ते मुळातून पाहण्यासारखे आहे. जाळ्यातील साधनांची विचारपूस करण्याचा एसएनएमपी हा संकेत १९८८ मध्ये सिद्ध झाला. त्यात वाहतुकीचा मोजक ३२ बिटांचा होता. असा मोजक सुमारे ४२९ कोटी बाइटांपर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यापासून आरंभ करतो. दुचाकीचा किलोमीटर दाखवणारा आकडा फिरून शून्यावर यावा तसाच हा प्रकार आहे. ६४ किलोबिटच्या वाहिनीवर असा फेरा पूर्ण होण्यास सहा दिवसांहून अधिक काळ लागतो. १०० मेगाबिटच्या वाहिनीवर तो सुमारे ३४४ सेकंदांत पूर्ण होतो, म्हणजे पाच मिनिटांच्या वाचनाला तो कसाबसा पुरतो. एक गिगाबिटच्या वाहिनीवर मात्र ३४ सेकंदांतच फेरा संपतो. दोन वाचनांच्या मध्ये तो आठ-नऊ वेळा फिरून गेला तरी आज्ञावलीस पत्ता लागत नाही आणि आलेख बिनदिक्कत खोटा निघतो. यावर ६४ बिटांच्या मोजकाचा उपाय आला. एक गिगाबिटच्या वेगाने तो भरण्यास चार हजार सहाशेहून अधिक वर्षे लागतील. परंतु हा नवा मोजक संकेताच्या पहिल्या आवृत्तीतून वाचताच येत नाही. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर मांडणी केलेल्या ठिकाणी ‘आलेख चुकतो, आज्ञावली दुरुस्त करा’ अशी मागणी होते, तेव्हा वास्तविक दोष आज्ञावलीचा नसून मांडणीचा असतो. मागणी आणि तिचे कारण यांतील हे अंतर पुढील विवेचनातही लक्षात ठेवावे लागेल.

तळेऱ्याची परिस्थिती

कणकवली तालुक्यातील तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. येथूनच वैभववाडी आणि गगनबावडामार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फुटतो आणि दुसऱ्या बाजूस विजयदुर्गाकडे जाता येते. रस्त्यांचा फाटा म्हणून प्रसिद्ध असलेल्या अशा गावी एखाद्या शिक्षणसंस्थेचे महाविद्यालय आहे, संस्थेचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे आणि देखरेखीचा सर्व्हरही तेथेच आहे, अशी कल्पना करावी. कोकणातील अनेक संस्थांची रचना अशीच असते. महाविद्यालयात एक राउटर आणि त्याच्या मागे नऊ यंत्रे आहेत. पावसाळ्यात एखाद्या सकाळी बाहेरची वाहिनी तुटते. मुंबईच्या सर्व्हरला दहाही साधने उत्तर देत नाहीत. तो दहा इशारे पाठवतो. त्या दिवशी संस्थेच्या आणखी चार शाळांचीही अशीच अवस्था असेल, तर पन्नास इशाऱ्यांच्या ढिगात मुख्य कार्यालयातील खराखुरा बिघाड दडून जातो.

नागिओसमध्ये यासाठी प्रत्येक साधनाचे ‘पालक’ सांगण्याची सोय आहे. राउटर हा त्या नऊ यंत्रांचा पालक, असे नोंदवले की राउटर बंद असताना मागील यंत्रांना ‘बंद’ न म्हणता ‘पोहोचता येत नाही’ असे म्हटले जाते आणि त्यांचे इशारे रोखता येतात. हा भेद शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे, पण तो ज्ञानाच्या मर्यादेची प्रामाणिक कबुली आहे : सर्व्हरला यंत्र बंद असल्याचे ठाऊक नाही, केवळ वाट बंद असल्याचे ठाऊक आहे. झॅबिक्समध्ये हेच कार्य इशाऱ्यांचे परस्परावलंबन नोंदवून साधले जाते.

वाहिनी पूर्ण तुटण्यापेक्षा ती येत-जात राहणे अधिक त्रासदायक असते. नागिओस त्यासाठी मागील २१ तपासण्यांचे निकाल जवळ बाळगते. त्यांत जास्तीत जास्त २० वेळा स्थिती बदलू शकते. आठ वेळा बदलली असेल तर बदलाचे प्रमाण ४० टक्के होते. प्रत्यक्ष हिशेबात अलीकडील बदलांना अधिक वजन दिले जाते. हे प्रमाण ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेले, की ‘स्थिती अस्थिर’ अशी एकच नोंद होऊन पुढील संदेश थांबतात.

तिसरी अडचण दीर्घ खंडाची आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्ग किनाऱ्याला तडाखा दिला, तेव्हा वीज आणि दूरसंचार यांची मोठी हानी झाली. अशा दिवसांत दूरच्या ठिकाणी काय घडले, कोणते यंत्र केव्हा बंद झाले, ही माहिती पुढे विमा, दुरुस्ती आणि खरेदी यांसाठी उपयोगी पडते. झॅबिक्समध्ये २००८ च्या १.६ आवृत्तीपासून ‘प्रॉक्सी’ नावाचा स्थानिक प्रतिनिधी ठेवता येतो. तो महाविद्यालयातच बसून नोंदी गोळा करतो आणि वाहिनी पूर्ववत झाली की मुख्य सर्व्हरकडे पाठवतो. मात्र वाहिनी तुटलेली असताना नोंदी जपण्याची त्याची मूळची मुदत एक तासाची आहे. ती ७२० तासांपर्यंत, म्हणजे तीस दिवसांपर्यंत, वाढवता येते. पण त्यासाठी कोणीतरी आधी तो आकडा बदललेला असावा लागतो. वाहिनी तुटली तर ती तासाभरात जोडली जाईल, असे गृहीत या आकड्यामागे असावे. कोकणातील पावसाळा पाहिलेला मनुष्य असे गृहीत धरणार नाही.

वीज गेली की वाहिनी गेली, हा प्रश्न तर अद्याप नीट सुटलेला नाही. ग्राहकाकडील मोडेम किंवा प्रकाशतंतूचे टोक-उपकरण वीज जाताच शेवटच्या क्षणी एक निरोप पाठवते. त्यास तंत्रज्ञ ‘अखेरचा श्वास’ अशा अर्थाचे नाव देतात. हा निरोप सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रापर्यंत जातो, ग्राहकाच्या देखरेख आज्ञावलीपर्यंत येत नाही. तेव्हा ‘वीज गेली की तार तुटली ते सांगा’ ही मागणी आज्ञावलीच्या निर्मात्याकडे कितीही वेळा केली तरी ती त्याच्या हातची नाही. तिचा पत्ताच वेगळा आहे.

मागणीचा निर्णय

मागणी नोंदवण्याची रीत प्रत्येक आज्ञावलीत वेगळी आहे. झॅबिक्समध्ये दोषांची नोंदवही आणि नव्या सुविधांची नोंदवही स्वतंत्र ठेवली आहे. दुसऱ्याने केलेल्या मागणीस आपले मत जोडता येते. एखादी सुविधा लवकर हवी असल्यास तिचा खर्च उचलण्याचाही मार्ग आहे. ही व्यवस्था वरवर लोकशाहीची वाटते, परंतु मतसंख्येने निर्णय होऊ लागला की जेथे वापरकर्ते पुष्कळ आणि जाळी मोठी, तेथील गरजा वर येणार हे उघड आहे. प्रॉक्सींमध्ये काम वाटून देण्याची सोय झॅबिक्सच्या २०२४ मधील ७.० आवृत्तीत आली. मोठ्या जाळ्यांना ती उपकारक आहे. एकच प्रॉक्सी असलेल्या महाविद्यालयास तिचा उपयोग नाही. यात अन्याय कोणी हेतुपूर्वक केलेला नसतो, पण लहान गावातील अनुभव नोंदवहीत येतच नाही आणि न आलेल्या अनुभवाला मत कोण देणार?

निर्मात्याने फार काळ प्रतिसाद दिला नाही तर काय होते, याचे उदाहरण नागिओसनेच घालून दिले. वापरकर्त्यांनी केलेल्या सुधारणा मूळ आज्ञावलीत येण्यास विलंब होतो, अशी भावना बळावून मे २००९ मध्ये काही विकसकांनी त्याच आज्ञावलीची वेगळी शाखा काढली. तीच इसिंगा. मुक्त स्रोत परवान्यामुळे हे शक्य झाले. तथापि शाखा काढणे हे मोठ्या गटाचे काम आहे. एकट्यादुकट्या महाविद्यालयाने त्यावर विसंबून राहू नये.

उलटपक्षी निर्मात्याचा नकारही पुष्कळदा योग्य असतो. नागिओसचा गाभा मुद्दाम लहान ठेवला आहे. प्रत्यक्ष तपासणी ‘प्लगइन’ नावाच्या छोट्या आज्ञावल्या करतात. त्यांनी एक ओळ मजकूर द्यावा आणि ०, १, २ किंवा ३ हा अंक परत करावा. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे गंभीर आणि तीन म्हणजे अज्ञात. एवढाच करार आहे. यूपीएसची बॅटरी किती उरली, ग्रंथालयाच्या आज्ञावलीची कालची प्रत जतन झाली किंवा नाही, हे विचारणारे प्लगइन संगणकशास्त्राचा तृतीय वर्षाचा विद्यार्थी दहा-पंधरा ओळींत लिहू शकतो. अशा गोष्टींसाठी परदेशी निर्मात्याकडे मागणी पाठवून वर्षभर वाट पाहणे व्यर्थ आहे.

मागणीची मांडणी

सर्वसामान्य मागणी अशी असते : ‘रात्री इशारे बंद करण्याचे बटण द्यावे.’ येथे वापरकर्त्याने अडचण सांगितलेली नाही, स्वतःस सुचलेला उपाय सांगितला आहे. निर्माता म्हणेल की इशाऱ्यांच्या वेळा ठरवण्याची सोय आहेच, आणि नोंद बंद करील. वस्तुतः तक्रार रात्रीची नव्हतीच. एका तुटलेल्या वाहिनीपायी दहा संदेश येत होते, ही होती. तीच मागणी पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘दूरच्या ठिकाणी एक राउटर व त्यामागे नऊ यंत्रे आहेत. पावसाळ्यात वाहिनी दिवसातून अनेकदा तुटते. पालक-संबंध नोंदवलेला आहे. तरीही राउटरची तपासणी होण्यापूर्वी यंत्रांची तपासणी झाली तर त्यांचे इशारे सुटतात. पालकाची स्थिती निश्चित होईपर्यंत ते रोखून धरावेत.’ यात परिस्थिती, केलेला प्रयत्न आणि उरलेली उणीव या तिन्ही गोष्टी येतात. उपाय सुचवला आहे, पण तो न पटल्यास निर्मात्याला दुसरा शोधण्यास जागा आहे. शिवाय वेगळ्या देशातील, वेगळ्या कारणाने वाहिनी तुटणाऱ्या वापरकर्त्यालाही त्यात आपली अडचण ओळखता येते आणि मत मिळण्याची शक्यता वाढते.

भाषेची आणि कायद्याची अडचण असेल तर ती अधिक तपशिलाने सांगावी लागते, कारण निर्मात्याला ती ठाऊक असण्याचे कारण नाही. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत केवळ ७०. आणि ही गणना काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सर्व सुटे धरून होते. ‘तळेरे’ हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा असला तरी संदेशात पाच जागा घेतो. त्यातच भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार घाऊक संदेशसेवेतून संदेश पाठवणाऱ्या संस्थेला आपले नाव आणि संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. साच्याबाहेरचा मजकूर अडवला जातो. आज्ञावली मात्र बिघाडाचे वर्णन आपल्या मनाप्रमाणे लांबवते. म्हणून येथील वापरकर्त्याची मागणी ‘मराठी संदेश द्या’ एवढीच असून भागणार नाही. स्थिर मजकूर आणि बदलता भाग वेगळे ठेवता यावेत, बदलत्या भागाची लांबी बांधून देता यावी आणि सत्तरच्या पुढे गेल्यास पाठवण्यापूर्वीच कळावे, असे तिने म्हटले पाहिजे. ‘तळेरे जोडणी बंद, १०.४२ पासून. मागील ९ यंत्रे अज्ञात.’ हा संदेश अवघ्या ५२ जागांत बसतो, आणि त्यात ‘बंद’ व ‘अज्ञात’ यांतील भेदही टिकून राहतो.