दोन शिक्षकांच्या शाळेचं कॉम्प्युटर खातं

लेखमाला : शाळा आणि यंत्रं – भाग ६

मागच्या भागात कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणि टॅब शाळेपर्यंत कसे पोहोचले ते पाहिलं. ते चालू कोण ठेवतं, हा या आठवड्याचा विषय. मोठ्या शहरांतल्या खासगी शाळांमध्ये त्यासाठी स्वतंत्र माणसं असतात. कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर, जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत हे खातं म्हणजे तिथलाच एखादा शिक्षक. गेल्या वीस वर्षांत त्याच्या अंगावर काय काय येत गेलं, ते नीट समजून घ्यायला हवं.

केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. महाराष्ट्रात ती खासगी कंपन्यांमार्फत राबवली गेली. कॉम्प्युटर कंपनीने बसवायचे, निदेशक कंपनीनेच नेमायचा, दुरुस्तीही तिचीच आणि करार संपल्यावर सगळी सामग्री शाळेच्या ताब्यात द्यायची, अशी रचना होती. मुदत संपली तसे कॉम्प्युटर शाळेत राहिले आणि निदेशक घरी गेले. योजनेतली सगळ्यात मोठी चूक मला इथेच दिसते. यंत्राच्या खरेदीचा हिशेब झाला, पण त्याला सांभाळणाऱ्या माणसाचा पुढचा विचार कुणी केला नाही.

ही योजना माध्यमिक शाळांची. प्राथमिक शाळांत डिजिटल वर्गांची लाट आली ती २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर. गावांनी लोकवर्गणी काढली, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा राज्यभर उदाहरण म्हणून गाजली, तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या. उत्साह खरा होता आणि त्यातून पुष्कळ चांगलं घडलं. पण वर्गणी निघते ती वस्तू आणण्यासाठी. तीन वर्षांनी यूपीएसची बॅटरी बसली, तर त्यासाठी पुन्हा गावाकडे हात पसरायचा का?

भीमाशंकरच्या पायथ्याला, खांडस-पाथरजच्या पट्ट्यात पावसाचे चार महिने भिंतींना ओल असते. बंद कपाटातल्या प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते, मदरबोर्ड गंजतो, उंदीर वायर कुरतडतात. वीज जाते आणि आली की दाब वरखाली होतो. टाटांच्या खोपोली वीजगृहातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली, भिवपुरीचं वीजगृह १९२२ मध्ये सुरू झालं. दोन्ही याच दोन तालुक्यांतली. तरी घाटाखालच्या वाडीतल्या शाळेत आज एक स्टॅबिलायझर फार कामाचा ठरतो. समग्र शिक्षातून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ डागडुजी सगळं त्यातच. मग बिघडलेला सीपीयू रिक्षात घालून कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारात न्यायचा, तोही सुट्टीच्या दिवशी आणि बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाने.

दुरुस्तीचं काम निदान डोळ्यांना दिसतं. दिसत नाही ते काम आता त्याहून कितीतरी मोठं झालं आहे. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली आणि प्रत्येक मुलाची नोंद ऑनलाइन गेली. त्याच्या जोडीला यू-डायस प्लस, पगारासाठी शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या २०२२-२३ च्या संचमान्यतेसाठी तर आधार पडताळणी झालेलीच मुलं धरायची असं ठरलं. म्हणजे वर्गात रोज बसणारं मूल पोर्टलवर जुळलं नाही तर ते हिशेबाबाहेर.

याचा सगळ्यात जास्त फटका कातकरी आणि ठाकर वाड्यांना बसतो. जनरल रजिस्टरला आडनाव वाघमारे आणि आधारवर वाघ. जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी. ओटीपी ज्या नंबरवर जाणार तो रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेला. लहानपणी काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात, ते पाचव्या वर्षानंतर आणि पुन्हा पंधराव्या वर्षानंतर द्यावे लागतात. पावसाळा संपला की कुटुंब वीटभट्टीवर जातं. दुरुस्तीसाठी आधार केंद्रावर यायचं तर एक रोज बुडतो. आईबापाला हे समजावणं, मुलाला केंद्रावर नेणं, परत येऊन माहिती भरणं, हे कुठल्याही कॉम्प्युटर प्रशिक्षणात शिकवत नाहीत. ते शिक्षकच निभावतो, कारण वाडीत त्याला ओळखतात.

आता हिशेब पाहा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. एक गुरुजी रेंज शोधत पोर्टल भरायला बसले की पाचही वर्ग दुसऱ्या बाईंवर येतात. याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नका, असं सांगतं. मुलांच्या नोंदी ठेवणं हे शाळेचं काम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा घरांबरोबर घरातले कागदही गाडले गेले. अशा वेळी मुलाची शाळेची नोंद कुठेतरी शाबूत असणं फार मोलाचं असतं. पण तीच माहिती वेगवेगळ्या पोर्टलांवर पुन्हा पुन्हा भरायला लावणं हा वर्गाच्या वेळेवरचा घाला आहे, आणि तो थांबवता येण्यासारखा आहे.

आणखी एक जबाबदारी नकळत आली आहे. शाळेचा पासवर्ड वहीत लिहिलेला असतो, घाईत व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो, कधी सायबर कॅफेवाल्याला देऊन माहिती भरून घेतली जाते. त्या लॉगिनमागे मुलांची नावं, जन्मतारखा, जात, आधार असतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या असंख्य शाळा वापरत असलेल्या ‘पॉवरस्कूल’ प्रणालीतून विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते चोरलेल्या लॉगिनने, मदत विभागासाठी ठेवलेल्या पोर्टलमधून. पगारी तंत्रज्ञ असलेल्या ठिकाणी असं होतं, तर आपल्याकडे ही राखण शिकवता शिकवता करणाऱ्या माणसावर किती सोपवायची? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण आहे. त्याचा अर्थ शाळेत कुणीतरी समजावून सांगायला हवा.

उपाय आवाक्यातला आहे. गटसाधन केंद्रात एमआयएस समन्वयक आणि डाटा एन्ट्री ऑपरेटर असतात, पण कंत्राटी, आणि अख्ख्या तालुक्यासाठी. त्यांच्याखाली प्रत्येक केंद्रशाळेला एक तंत्रसाहाय्यक नेमावा. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तो शाळाशाळांत जाईल, बिघाड पाहील, नोंदी भरेल, पासवर्ड सांभाळेल. नोंद खरी आहे का, एवढं शिक्षकाने तपासायचं. दुरुस्तीचा पैसा संयुक्त अनुदानातून वेगळा काढावा. आणि हे काम बारावी झालेल्या, कॉम्प्युटर शिकलेल्या वाडीतल्याच मुलामुलींना द्यावं. आधार केंद्रावर कुणाच्या आईला कधी न्यायचं हे त्यांना सांगावं लागणार नाही.

पुढच्या भागात : पेण प्रकल्पाच्या आश्रमशाळांतले संगणक कक्ष आणि रात्री तिथेच राहणारी मुलं.