अब्बांचा रोजा आणि गोळीची वेळ

त्र्यंबकेश्वरच्या एका परिचित घरातली गोष्ट. अब्बांना अत्तराचा वास येईनासा झाला, तेव्हा कुणी लक्ष दिले नाही. मग बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे, हिशेबाच्या वहीतले अक्षर बारीक होत जाणे. उजवा खांदा आखडला म्हणून वर्षभर मालीश चालली. शेवटी मांडीवर ठेवलेला हात आपोआप थरथरू लागला, तेव्हा मुलगा त्यांना सुमारे ३० किलोमीटरवरच्या नाशिकला घेऊन गेला.

मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी जुन्या गोळ्यांची पिशवी मागितली. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षे घेतलेली सिनारिझिन किंवा उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड यांनीही पार्किन्सनसारखी लक्षणे येतात. औषध बंद केल्यावर ती बहुधा ओसरतात. मग अब्बांना अंगठा आणि तर्जनी भरभर जुळवायला लावली, मनगट फिरवून पाहिले, चालवून पाहिले. हालचाल मंदावणे हे मुख्य लक्षण. त्याला स्नायूंचा ताठरपणा किंवा विसावलेल्या हाताचा कंप यांची जोड लागते. ‘एमआरआय काढला की कळेल’ असे आपण म्हणतो, पण त्यात हा आजार सहसा दिसत नाही. तो इतर कारणे वगळण्यासाठी असतो. आणि चहाचा कप उचलतानाच हात थरथरत असेल, तर कारण बहुधा वेगळे असते.

लेव्होडोपा सुरू झाली आणि अब्बा सदऱ्याची बटणे पुन्हा स्वतः लावू लागले. ही गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी; मटण, अंडी, डाळ यांच्यासोबत घेतली तर काहींना तिचा गुण कमी येतो.

पेच पडला रमजानमध्ये. गोळी दिवसातून ४ वेळा, आणि अब्बा रोजा सोडायला तयार नाहीत. घरात न सांगता त्यांनी दिवसाच्या गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी पलंगावरून उठता येईना. ही गोळी अचानक थांबवली तर अंग ताठून, तीव्र ताप येऊन जिवावर बेतू शकते. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे; बरा न होणारा आजार असेल तर फिदया आहे. तरीही रोजा ठेवायची इच्छा असेल, तर रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना विचारावे. आजार सौम्य असल्यास काहींच्या गोळीच्या वेळा किंवा औषधाचा प्रकार बदलता येतो. तो बदल आपल्या मनाने करू नये.

सजद्यातून उठताना रक्तदाब उतरून तोल जातो, म्हणून अब्बा आता बसून नमाज अदा करतात. चालताना मात्र पाय मध्येच जमिनीला खिळतात. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांच्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांचे असेच होते: सपाट जमिनीवर अडखळायचे, जिना मात्र सहज उतरायचे. मग त्यांनी जमिनीवर पायऱ्यांचे चित्रच अंथरले, आणि पाय उचलू लागले.

त्र्यंबकच्या घरीही पलंगापासून वुजूच्या नळापर्यंत मुलाने रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. अब्बा त्या मोजत मोजत ओलांडतात. नातीला वाटते, दादाजींनी लंगडीचा खेळ मांडलाय.