भेडाघाटचा जलमार्ग

पावसाळा ओसरून नर्मदेचे पाणी निवळले, म्हणजे जबलपूरपासून सुमारे २० किलोमीटरवरील भेडाघाट येथे पंचवटीच्या घाटास पुन्हा नावा लागू लागतात. पुराच्या दिवसांत हा नौकाप्रवास बंदच ठेवावा लागतो. त्याचा खरा ऋतू हिवाळा. पौषातील सकाळी डोहावर धुके तरंगत असते. कोवळे ऊन प्रथम कड्यांच्या माथ्यास शिवते आणि नाव मात्र बराच वेळ थंडगार सावलीतूनच चालते. दोन्ही अंगांस डोलोमाइट जातीच्या संगमरवराचे सुमारे ३० मीटर उंचीचे कडे उभे आहेत. शुभ्र हा त्यांचा मुख्य वर्ण. पण मधूनमधून करडी, निळसर आणि गुलाबी झाकही त्यांवर दिसते. एके ठिकाणी हे कडे इतके जवळ येतात की, पूर्वी वानरे एका तीरावरून दुसऱ्या तीरावर उडी घेत, असे सांगतात. त्या जागेस ‘बंदरकूदनी’ हेच नाव पडले आहे. वल्ही मारता मारता नावाडी यमके जुळवून या साऱ्याचे वर्णन करीत असतात. त्यातील विनोद पुष्कळदा बेताचाच असतो. तरीही खडकांतून घुमून येणारा तो आवाज ऐकला नाही, तर प्रवास अपुराच राहील.

थोडे वर धुवांधारच्या धबधब्यात गर्जत कोसळणारी हीच नदी या घळईत इतकी शांत कशी होते? पात्र अरुंद झाले की प्रवाहास वेग यावा, हा सामान्य नियम. परंतु येथे रुंदीत जे उणे पडले, ते खोलीने भरून काढले आहे. पाण्याला वाहण्यास जागा भरपूर, म्हणून त्यास घाई नाही. ही शांतता मात्र फसवी होय. कड्यांच्या कपारींत आग्या मधमाश्यांची पोळी लोंबत असतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी आलेल्या दोन इंग्रज अभियंत्यांच्या नावेवर त्यांनी हल्ला केला. दोघांनीही पाण्यात उड्या टाकल्या. एक जण खडकास धरून बचावला; बॉडिंग्टन नावाचा दुसरा बुडाला.

धुवांधारच्या अलीकडे नाव वळवावीच लागते. पाण्याची ही पायरी नावेला चढता येत नाही. कालव्यांवर अशा पायऱ्या चढविण्यासाठी जी युक्ती योजतात, तिला जलपाश म्हणतात. दोन्ही टोकांस दरवाजे असलेला तो एक हौद असतो. नाव खालच्या दरवाजाने आत आली की तो मिटतात आणि वरचे पाणी झडपांवाटे आत सोडतात. हौद भरत जातो, तशी नावही उचलली जाते. आतील पाणी वरच्या पातळीस आले म्हणजे वरचा दरवाजा सहज उघडतो. बर्मिंगहॅम शहराच्या मध्यभागी असे १३ जलपाश एकापाठोपाठ एक आहेत. जेमतेम दोन मीटर रुंदीच्या नावा त्यांतून हिवाळ्यातही, बर्फाचा पातळ थर फोडीत, जात असतात. आपल्याकडे धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर बंधारा घातला, तेव्हा तेथील कालवेही शेतीप्रमाणेच नौकानयनासाठी योजले होते आणि त्यांवर जलपाश होते.

परंतु जलपाशास पाण्याची किंमत मोजावी लागते. इंग्लंडमधील अरुंद जलपाशाच्या एकेका खेपेस सुमारे २५,००० गॅलन पाणी वरून खाली जाते. शिवाय पाण्याची पातळी बंदिस्त हवी. आषाढ-श्रावणात रौद्ररूप धारण करणाऱ्या आणि उन्हाळ्यात खडक उघडे टाकणाऱ्या नर्मदेकडून तशी अपेक्षा करणे व्यर्थच होते.

जबलपूरच्या वरच्या अंगास बर्गीचे धरण १९९० साली पूर्ण झाले आणि नदीच्या या स्वभावास बांध पडला. ते बांधले सिंचनासाठी व विजेसाठी, नौकांसाठी नव्हे. तरीही भेडाघाटच्या नावाड्याचे पाणी आता त्या धरणाशी बांधले गेले आहे. विजेसाठी सोडलेले पाणी त्याच्या डोहात येते आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की त्याची वल्ही घरी राहतात. याच जलाशयामुळे १६२ गावांना झळ पोहोचली. ज्यांची शेते बुडाली, त्यांतील कित्येकांनी पुढे त्याच पाण्यात होड्या घालून मासेमारीवर संसार चालविला. धरणाच्या जमाखर्चात ही बाजू सहसा शेवटी मांडली जाते. ती प्रथम मांडावयास हवी.

चातुर्मास संपला की याच तीरावरून परिक्रमावासी चालू लागतात. नर्मदा उजव्या हातास ठेवावयाची आणि मध्ये कोठेही ओलांडावयाची नाही, हा त्यांचा नियम. म्हणून भेडाघाटची नाव त्यांना वर्ज्य. त्यांना नाव मिळते ती केवळ समुद्रसंगमापाशी, दक्षिण तटावरील विमलेश्वराहून उत्तर तटावरील मिठी तलाईस जाण्यासाठी. भेडाघाट उत्तर तटावर असल्यामुळे ओंकारेश्वराहून निघालेला परिक्रमावासी येथे येतो, तेव्हा ती खाऱ्या पाण्यावरील नाव त्याने केव्हाच मागे टाकलेली असते. खाली डोहात पर्यटकांची नाव वळण घेत असते आणि तो वरच्या वाटेने ‘नर्मदे हर’ म्हणत अमरकंटकाच्या दिशेने पुढे निघून जातो.