रायफलमध्ये बदल करायचाय: घरी करायचा की गनस्मिथकडे द्यायची?

यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने सापडतात. अमेरिकेतला एखादा माणूस गॅरेजमधल्या टेबलावर रायफल उघडून बसलेला असतो. दहा मिनिटांत जुना लाकडी दस्ता निघतो, नवा बसतो, वर दुर्बीण चढते. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं? मग गनस्मिथ लोकांचं पोट चालतं तरी कशावर?

गनस्मिथ म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, त्यात बदल करून देणारा कारागीर. अमेरिकेत दुसऱ्यांच्या बंदुकांवर धंदा म्हणून काम करायचं तर केंद्र सरकारचा परवाना लागतो. स्वतःच्या रायफलचा दस्ता किंवा दुर्बीण बदलायला असा परवाना लागत नाही. (नळी १६ इंचांपेक्षा आखूड करायची असेल तर मात्र १९३४ च्या कायद्यानुसार आधी नोंदणी करावी लागते. राज्यांचे नियम आणखी वेगळे.) त्यामुळे काय घरी करायचं आणि काय नाही, हे बऱ्याच अंशी मालकालाच ठरवावं लागतं.

बहुतेक जण हिशोब पैशांचा करतात. खरं तर पहिला प्रश्न वेगळा हवा: गोळी सुटताना तयार होणारा दाब हा भाग झेलतो का?

दाब म्हणजे किती?

शिकारीसाठी अमेरिकेत खूप वापरल्या जाणाऱ्या .३०८ विंचेस्टर काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. आपल्या कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते. म्हणजे जवळपास दोन हजार पट दाब, आणि तोही नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर.

हा दाब सांभाळला जातो तो ‘हेडस्पेस’वर. काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं ती जागा आणि बोल्टचं तोंड, यांच्यातलं हे अंतर. ते तपासायला दोन गेज असतात. एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. .३०८ मध्ये या दोन गेजमधला फरक सहसा ०.००४ इंच, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर. एका ए-४ कागदाची जाडी! अंतर जास्त झालं तर काडतुसाचं पितळ फाटून तापलेला वायू मागे येऊ शकतो. म्हणून पारंपरिक बोल्ट रायफलची नळी बदलायची तर ती गनस्मिथकडेच जाते. एआर-१५ सारख्या रायफलची रचना सुट्या भागांची असल्याने तिची नळी लोक घरी बदलतात, पण तिथेही गेज लावून बघणं सुटत नाही.

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट

पोलाद किती कडक आहे हे बघून कळत नाही. याचं उदाहरण अमेरिकन लष्कराच्याच कारखान्यातलं आहे. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलचे सुरुवातीचे भाग भट्टीत तापवताना कामगार रंग बघून तापमान ओळखायचे. ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात तोच रंग वेगळा दिसायचा. काही भाग जास्त तापले, ठिसूळ झाले आणि गोळी झाडताना फुटले. १९१८ मध्ये पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या क्रमांकाच्या रायफली चालवू नयेत, असं जाणकार आजही सांगतात. रोज हेच काम करणाऱ्यांची ही गत, तर घरी गॅसचा टॉर्च घेऊन बोल्टजवळचा भाग तापवणाऱ्याची काय असेल?

ट्रिगरचंही तसंच. २०१४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने आपल्या काही रायफली परत मागवल्या. जुळणी करताना ट्रिगरमध्ये चिकटद्रव्य जास्त लागलं होतं आणि रायफल आपोआप सुटण्याचा धोका होता. घरी साफ करा, असं कंपनीने सांगितलं नाही. रायफल पाठवा, असं सांगितलं.

दुसरा प्रश्न सोपा आहे, पण अनेकांना महागात पडला: केलेला बदल परत फिरवता येतो का? दुसऱ्या महायुद्धानंतर माउझर, ली-एनफिल्ड अशा लष्करी रायफली अमेरिकेत स्वस्तात मिळत होत्या. लोकांनी त्यांचे दस्ते कापले, दुर्बिणीसाठी भोकं पाडली आणि शिकारीच्या रायफली बनवल्या. १९६८ च्या कायद्याने अशा आयातीला चाप लावला. आज संग्राहक न कापलेल्या रायफलला जास्त पैसे मोजतात. स्क्रूवर बसवलेला दस्ता काढून जुना लावता येतो, पाडलेलं भोक बुजत नाही.

भारतात?

इथे गॅरेजचा प्रश्नच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदूक बनवायलाच नाही, तर दुरुस्त करायला किंवा तिचं रूपांतर करायलाही वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. नळी आखूड करण्यावर कलम ६ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यांना किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे अमेरिकेतला व्हिडिओ बघून इथे हात चालवणं म्हणजे थेट जेलचा रस्ता.

मग पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेसारखे नेमबाज रायफल आपल्या अंगाला जुळवून घेतात ते कसं? स्पर्धेच्या रायफलमध्ये खांद्याला टेकणारी पट्टी आणि गालाचा आधार मुळातच स्क्रूने मागेपुढे, वरखाली होतील असे बनवलेले असतात. हे ॲडजस्टमेंट खेळाडू स्वतः करतात. दाब झेलणाऱ्या भागांना त्यात हात लागत नाही, आणि स्पर्धेआधी रायफलची नियमांप्रमाणे तपासणी होतेच.