भूक म्हणजे हावरटपणा नव्हे

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. यात्रेचे दिवस म्हणजे जागरण, जिलेबी, भजी आणि घडोघडी चहा. यात्रा पांगली की वस्तीतल्या बाया म्हणतात, "वजन वाढलं, आता रात्रीचं जेवण सोडते." पंधरा दिवस जमते. मग भूक अशी उसळते की उतरलेले वजन परत येते आणि घरचेच म्हणतात, "हिचा तोंडावर ताबा नाही." हे बोलणे आम्हाला खटकते, कारण ते खरे नाही.

भुकेचा कारभार मेंदूकडे असतो. जठर रिकामे झाले की त्यातून घ्रेलिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि भूक लागते. अंगावरच्या चरबीतून लेप्टिन निघते. कणगीत दाणा किती उरला, हे ते मेंदूला कळवते. त्याचा शोध १९९४ साली लागला. वजन झपाट्याने उतरले की लेप्टिन घटते. मेंदू समजतो, दुष्काळ पडला! तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आखडता घेतो. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात वजन उतरवलेल्या लोकांची भूक वर्षानंतरही वाढलेलीच आढळली. जागरणानेही भूक वाढते.

आणि बारीक माणसाने निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. अशी मुले मोठेपणी मधुमेहाकडे लवकर झुकू शकतात. ज्यांच्या आज्या गरोदरपणी अर्धपोटी राबल्या, त्या आपल्या घरांनी हे नीट ऐकावे. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. कंबर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर सरकारी दवाखान्यात साखर तपासून घ्या.

कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला, ही कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला जेवण सोडायला नाही, प्रमाण ओळखायला सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज शंभर कहापणांवर नेमले. काम एकच, जेवताना त्या उपदेशाची आठवण करून देणे. राजाचा भात हळूहळू कमी झाला आणि अंग हलके झाले.

आपल्याकडे कहापण नाहीत, पण कळण्याची भाकरी आहे, डाळ आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणून सावकाश जेवा. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात बहुधा नुसता भात आणि पातळ पाणी उरते. तिची डाळ आधीच वाटीत काढून ठेवा.

पौर्णिमेला अष्टशील पाळणारे दुपारनंतर जेवत नाहीत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचे जेवण टाळू नका. साखर एकदम खाली गेली तर चक्कर येते, शुद्धही हरपते.