दिवेलागणीनंतरचे दोन तास

जुन्नर-आंबेगावात दिवस मावळला की पोरं घरात घ्यावी लागतात. कुकडी आणि घोड नदीवरच्या धरणांचं पाणी शिवारात फिरलं, ऊस घराच्या भिंतींना येऊन टेकला आणि त्या आडोशाला बिबट्या कायमचा राहायला आला. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं. अंधारात मुलांना एकटं सोडू नका, हे वनखातं सांगतं आणि आईबापही ते पाळतात. पण दिवसभर पळूनही ज्याचं अंग शांत होत नाही, अशा मुलाला सहा वाजल्यापासून चार भिंतींत ठेवायचं म्हणजे काय, हे त्याच्या आईलाच माहीत.

अशा मुलाला गावात वांड म्हणतात, द्वाड म्हणतात. याचं बूड एका जागी ठरत नाही, असं म्हणतात. यातली बहुतेक मुलं नुसतीच अवखळ असतात आणि तशी असावीतही. पण काहींच्या बाबतीत त्यामागे एडीएचडी असतो. लक्ष टिकवणं, हालचाल आवरणं आणि मनात आलेली गोष्ट क्षणभर थोपवणं, ही मेंदूची कामं या मुलांना वयाच्या मानाने जड जातात. जगभरातल्या पाहण्यांतून साधारण शंभरातल्या पाच मुलांत तो आढळतो. निदानाची अट कडक आहे. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली हवीत, बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्याआधी कान, डोळे, झोप आणि रक्तातलं लोह तपासून घेतलेलं बरं. नीट ऐकू न येणारं मूलही लक्ष न देणारं वाटतं.

मंचरहून पारगावकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका मळ्यातलं घर. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. निदान पुण्यात झालेलं. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की वडील बॅटरी घेऊन पाण्याला जातात. म्हणजे दिवेलागणीनंतरचे दोन तास आई, आजी आणि हा मुलगा.

आईचं काम त्याच्या आधीच सुरू होतं. शाळेतून आल्यावर उजेड आहे तोवर ती त्याला दप्तराला हात लावू देत नाही. गोठ्यात पाण्याच्या बादल्या न्यायच्या, अंगणात धावायचं, वैरणीच्या पेंढ्या उचलायच्या. अंग दमलं की डोकं थोडं हाताशी येतं, हे तिच्या लक्षात आलेलं आहे. घरामागच्या शेततळ्याला कुंपण आणि दार आहे, आत दोर सोडलेला आहे. प्लास्टिकच्या कागदावरून घसरलेल्या माणसालाही वर येता येत नाही, आणि हा मुलगा उडी मारून मग विचार करणारा.

अभ्यासाची जागा ठरलेली. दार पाठीमागे, टीव्ही बंद, मोबाईल आजीच्या कनवटीला. धान्याच्या कोठीवर वही ठेवून तो उभ्याने लिहितो. बसलाच पाहिजे, हा हट्ट आईने सोडला आहे.

पूर्वी ती चुलीपुढून ओरडायची, “हातपाय धू, वही काढ, गणितं कर आणि मग जेवायला ये!” यातलं त्याच्या कानात फक्त जेवण उरायचं. आता ती उठून जवळ जाते, खांद्यावर हात ठेवते, तो बघेपर्यंत थांबते आणि एकच गोष्ट सांगते. “गणिताची वही काढ.” वही निघाली की लगेच म्हणते, “स्वतः काढलीस, बरं झालं.” मग तीन गणितं. तीन झाली की बरणीत एक चिंचोका आणि आजीपुढच्या मटाराच्या चार शेंगा सोलायला सुट्टी. मग पुन्हा तीन. दहा चिंचोके झाले की रविवारी वडिलांबरोबर बाजाराला. मिळालेला चिंचोका कधीही परत घेतला जात नाही, हा घरातला कडक नियम आहे.

हे लाड वाटतात, पण यामागे शास्त्र आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की या मुलांना काय करायचं ते ठाऊक असतं. ऐन वेळी ते करणं जमत नाही. म्हणून रविवारी दिलेली समज सोमवारी उपयोगी पडत नाही. मदत त्या क्षणी, त्या जागीच हजर लागते, आणि शाबासकीही. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी कमाल पातळीला पोचण्याचं मधलं वय इतर मुलांत साडेसात वर्षं, तर या मुलांत साडेदहा निघालं. आठ वर्षांच्या मुलाकडून पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढाच संयम अपेक्षावा, हा हिशेब आईच्या रोजच्या कामाचा आहे. बुद्धी मात्र वयाचीच असते, काहींची वयाच्या पुढे.

सगळ्या संध्याकाळी अशा जात नाहीत. कधी वही भिरकावली जाते. त्या वेळी आई ओट्यावर जाऊन उभी राहते, आवाज खाली आला की आत येते आणि उरलेली गणितं दोनवर आणते. मार तिने थांबवला आहे. माराने मूल त्या घटकेपुरतं गप्प होतं, पण लक्ष टिकवण्याची ताकद त्यातून येत नाही. वर “मी वाईटच आहे” हे त्याच्या मनात घट्ट बसतं, आणि ते काढणं मूळ दुखण्याहून अवघड जातं.

आजीचं म्हणणं, “याचा बाप तरी कुठं एका जागी बसायचा?” तपासणी लांबवायला घरोघर हेच वाक्य पुढे येतं; खरं तर लवकर जाण्याचं ते कारण आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश दिसतो. बापाच्या वाट्याला त्या वेळी छडी आली, एवढाच फरक.

मुलींचं आणखी निराळं. त्या फारशा पळत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. वर्गाला त्रास नाही म्हणून कोणी विचारत नाही आणि ‘ढ’ हा शिक्का बसतो. कारखान्यांच्या हंगामात पारगाव आणि निवृत्तीनगरच्या परिसरात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांना तर सलग सहा महिने ओळखणारे गुरुजीच मिळत नाहीत. आणि डोंगरपट्ट्यातल्या आश्रमशाळांत दिवेलागणीचे ते दोन तास अधीक्षकांच्या हाती असतात. पालकांना शिकवायच्या या पद्धती त्यांनाही शिकवायला हव्यात. आज ही मोठी उणीव आहे.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तज्ज्ञ आधी पालकांचं प्रशिक्षण सुचवतात. त्यापुढे गरज पडली तर औषध. औषधाला घाबरू नये आणि ते मनाने सुरू किंवा बंदही करू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी वेगळा नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात. म्हणून वाचन-लेखनाचीही तपासणी करून घ्यावी. त्यावर परीक्षेतल्या सवलती अवलंबून असतात.

मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, जुन्नरहून त्याहून लांब. तिथवर जाण्याचा एक रस्ता शाळेतूनच निघतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे आणि पुढच्या उपचारांसाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. पथक वजन-उंची घेऊन जाईल तेव्हा आईने किंवा बाईंनी स्वतः पुढे होऊन सांगावं, की याचं लक्ष टिकत नाही, घरीही आणि वर्गातही. तोवर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही उचलला जातो. फोन करा.